जुन्या संगणकाचा राउटर: गोव्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातील आमच्या घरी एका कार्यालयातून निकालात निघालेला संगणक गेली काही वर्षे राउटर म्हणून, म्हणजे बाहेरून आलेले इंटरनेट घरातील सर्व उपकरणांना वाटून देणारे यंत्र म्हणून, चालू आहे. तो पाहून गेलेले शेजारी, नातेवाईक आणि ओळखीतली होमस्टेवाली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. फुकट मिळालेला संगणक फुकटात चालत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने तेथेच येऊन पोहोचतात.

संगणक राउटर होतो म्हणजे नेमके काय होते?

दुकानात मिळणारा राउटर हाही एक संगणकच असतो. त्यात लहानसा प्रोसेसर, थोडी मेमरी, काही नेटवर्क पोर्ट (केबल घालायची भोके) आणि बहुधा लिनक्स या मुक्त प्रणालीवर आधारलेली प्रणाली असते. हेच काम जुन्या संगणकाकडून करून घ्यायचे, तर त्याला दोन नेटवर्क पोर्ट द्यावे लागतात. एकात बाहेरून आलेली जोडणी जाते आणि दुसऱ्यातून घरातील स्विचकडे, म्हणजे एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणाऱ्या डब्याकडे, केबल जाते. मधला संगणक घरातील प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो, सर्वांची वाहतूक एकाच बाह्य पत्त्यावरून पाठवतो आणि बाहेरून न बोलावता येणारे काहीही दारातच अडवतो. कल्पना जुनी आहे. एका फ्लॉपीत मावणारी लिनक्सची राउटर-आवृत्ती १९९०च्या दशकातच लोक वापरत होते.

बाजारात स्वस्त राउटर मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी?

आपल्याकडे एकच जोडणी असेल, घरात पाच-सहा फोन आणि एक टीव्ही असेल आणि काही अडत नसेल, तर हा उपद्व्याप करू नये, असेच मी सांगतो. इंटरनेट कंपनीने जोडणीसोबत दिलेला डबा तेवढ्या कामाला पुरतो.

संगणकाचा उपयोग दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. एकाच घरात दोन कंपन्यांच्या जोडण्या असतील आणि एक बंद पडताच दुसरी आपोआप सुरू व्हावी असे वाटत असेल; पाहुण्यांचे नेट घरच्या नेटपासून वेगळे ठेवायचे असेल; परगावाहून घरातील कॅमेरे सुरक्षितपणे पाहायचे असतील; किंवा कोणीतरी मोठी फाईल पाठवायला घेतली की बाकीच्यांचे बोलणे तुटत असेल, तर तेथे स्वस्त राउटर उणा पडतो. आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. स्वस्त राउटरसाठी उत्पादक बहुधा काही वर्षांतच सुधारणा देणे थांबवतो, मग त्यातील सुरक्षेची भोके तशीच राहतात. संगणकावरील प्रणाली मात्र त्याहून पुष्कळ जास्त काळ अद्ययावत ठेवता येते.

कोणता जुना संगणक घ्यावा?

पेंटियम ४च्या काळातील यंत्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नये, कारण ते वीज खाते आणि खोली तापवते. इंटेल कोअर आय३च्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीतील कार्यालयीन डेस्कटॉप, त्यातही पुस्तकाएवढ्या आकाराचे छोटे संगणक किंवा बँका आणि कार्यालये बदलतात ते थिन क्लायंट (मुख्य सर्व्हरला जोडून वापरायचे छोटे, कमी विजेचे संगणक), हे या कामासाठी उत्तम असतात. चार जीबी मेमरी घरासाठी पुरते. जुनी फिरती हार्डडिस्क मात्र काढून टाकावी आणि मिळेल ती सर्वांत लहान एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) बसवावी. राउटर दिवसरात्र नोंदी लिहीत असतो आणि दहा वर्षे वापरलेल्या डिस्कवर तेवढा विश्वास टाकण्यात अर्थ नाही.

विकत घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. मदरबोर्डवरील कपॅसिटरची, म्हणजे छोट्या नळकांड्यांची, डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी पाझर आलेली असतील, तर यंत्र तेथेच ठेवावे. बायॉसला (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड घातलेला नाही ना, हेही दुकानातच पाहिलेले बरे.

वीज किती खातो?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा. राउटर वर्षाचे ८७६० तास चालू असतो. सरासरी ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सुमारे ५२६ युनिटे खातो, म्हणजे महिन्याला जवळजवळ ४४. १२ वॅट घेणारा थिन क्लायंट वर्षाला सुमारे १०५ युनिटांवर भागवतो. या ४२० युनिटांच्या फरकाला वीज खात्याच्या बिलातील आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने गुणावे, कारण वाढीव युनिटे त्याच टप्प्यात जाऊन बसतात. येणारा आकडा पाहिला की फुकटचा डेस्कटॉप आणि विकतचा थिन क्लायंट यांत स्वस्त कोणता, हे दोन-तीन वर्षांच्या हिशेबात आपोआप ठरते.

आपले यंत्र नक्की किती वॅट घेते, हे मोजायला वेगळे उपकरण नसले तरी चालते. घरातील इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. फ्रिजसह बाकी सर्व बंद करून फक्त संगणक चालू ठेवावा आणि अर्धा तास लुकलुक मोजावी. ३२००च्या मीटरवर अर्ध्या तासात ९६ वेळा दिवा लागला, तर यंत्र ६० वॅट घेते. मी हे मोजत वसरीवर स्टूल टाकून बसलो होतो, तेव्हा शेजाऱ्याला मीटर बिघडल्याची शंका आली होती. पण त्या अर्ध्या तासानेच मला डेस्कटॉप बदलून छोटा संगणक घ्यायला लावले.

नेटवर्क कार्ड कसे निवडावे?

शक्यतो इंटेल चिपचे आणि पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे घ्यावे. जुनी पांढरी पीसीआय खाच सेकंदाला एकूण १३३ मेगाबाइटांपर्यंतच, म्हणजे जाणारी-येणारी मिळून जेमतेम एक गिगाबिट, वाहतूक करते आणि ती मर्यादा त्या खाचांतील सर्व कार्डांना मिळून असते. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीला ती चालते, पण गिगाबिट जोडणी घेतल्यास तेथेच कोंडी होते. कार्यालयातून निघालेली दोन किंवा चार पोर्टांची सर्व्हर कार्डे जुन्या बाजारात मिळतात आणि ती या कामाला अत्यंत योग्य असतात. त्यांच्या नकलाही भरपूर आहेत, हे लक्षात असू द्यावे. बसक्या पेटीचा संगणक असेल, तर कार्डाची लोखंडी पट्टीही आखूड लागते. ती नसल्यामुळे कार्ड हातात घेऊन बसलेले दोघे तरी मला ठाऊक आहेत.

रिअलटेक चिप वाईट नसते. लिनक्सवर ती निमूटपणे चालते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीवर मात्र ती अधूनमधून रुसते. यूएसबीला लावायची लॅनची जोडणी तात्पुरत्या कामापुरतीच ठेवावी.

संगणकाला एकच पोर्ट असेल आणि कार्ड बसवायला जागाच नसेल, तर?

तर व्हीलॅन समजणारा स्विच घ्यावा. व्हीलॅनमुळे एकाच केबलवरून दोन वेगळी नेटवर्के खुणेच्या चिठ्ठ्या लावून नेता येतात. स्विच त्या चिठ्ठ्या वाचून बाहेरची वाहतूक एका पोर्टला आणि घरची इतर पोर्टांना देतो. दोन्ही दिशांची वाहतूक त्या एकाच केबलवरून जात असल्याने काही वेग वाटला जातो, पण घरगुती जोडणीत तो जाणवत नाही. पहिल्याच प्रयत्नात हे करू नये, एवढाच सल्ला आहे.

कोणती प्रणाली घालावी?

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फ्रीबीएसडीवरील प्रणाली आहेत. पहिली २००४ मध्ये मोनोवॉल या प्रकल्पातून वेगळी झाली आणि दुसरी २०१५ मध्ये पहिलीतून फुटून निघाली. दोन्हींचा कारभार ब्राउझरमधून चालतो आणि दोन जोडण्या, व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याची सुरक्षित वाट), पाहुण्यांचे नेट हे सारे त्यांत आधीच असते. ओपनडब्ल्यूआरटी ही मुळात छोट्या राउटरांसाठी घडवलेली लिनक्स प्रणाली संगणकासाठीही मिळते आणि ती इतकी हलकी आहे की अगदी अशक्त यंत्रावरही पळते. ज्यांचा संगणक ३२ बिटांचा आहे, त्यांनी पीएफसेन्सचा विचार सोडावा, कारण २०१७ मधील २.४ आवृत्तीपासून तो पाठिंबा काढलेला आहे. ओपनडब्ल्यूआरटी मात्र अजून अशा यंत्रांना सांभाळते.

निवड करताना एक बारकावा लक्षात ठेवावा. आपल्याकडील अनेक फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन सुरू होतात. फ्रीबीएसडीवर अशा जोडणीची आत येणारी वाहतूक सामान्यतः प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) पडते, त्यामुळे चार गाभे असूनही मंद यंत्र वेगवान जोडणीवर धापा टाकू लागते. यंत्र अशक्त असेल तर ओपनडब्ल्यूआरटी घ्यावी. धडधाकट असेल तर ओपीएनसेन्स घ्यावी. माझ्या घरी तीच आहे.

प्रणाली घालताना संगणकातील जुने सर्व काही पुसले जाते. लग्नाचे फोटो आधी काढून घ्यावेत.

फायबरच्या डब्याशी तो कसा जोडावा?

कंपनीचा डबा स्वतःही राउटर असतो. त्याच्या मागे आपला राउटर लावला की पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. साध्या वापरात ते चालून जाते, पण व्हीपीएन आणि काही खेळ यांत अडचण येते. म्हणून कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता जोडणी तशीच पुढे देणाऱ्या अवस्थेत, टाकून घ्यावा आणि वापरकर्तानाव, पासवर्ड व व्हीलॅनचा क्रमांक लागत असल्यास तोही त्याच फोनवर विचारून लिहून ठेवावा. काही ठिकाणी जोडणी जुन्या उपकरणाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे पोर्टाच्या कारखान्यातून आलेल्या ओळख क्रमांकाशी, बांधलेली असते. तेव्हा एकतर कंपनीकडून तो मोकळा करून घ्यावा किंवा तोच पत्ता नव्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टला द्यावा.

ब्रिज मोड मिळाला नाही, तर निदान एक चूक टाळावी. पुष्कळ डबे १९२.१६८.१.१ या पत्त्यावर बसलेले असतात आणि ओपीएनसेन्स, पीएफसेन्स व ओपनडब्ल्यूआरटी या तिन्ही प्रणाली घरच्या बाजूला तोच पत्ता घेतात. एकाच नावाची दोन घरे झाल्यावर पोस्टमनचा जो गोंधळ उडेल, तोच येथे उडतो आणि नवशिका दोन दिवस केबल बदलत बसतो. घरच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करावा.

वाय-फायचे काय? संगणकालाच अँटेना लावावा का?

लावू नये. फ्रीबीएसडीवर वाय-फाय प्रसारित करण्याची सोय तोकडी आहे आणि टेबलाखालच्या पेटीतून लहरी फार दूर जातही नाहीत. जुना वाय-फाय राउटर फेकून न देता त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करावे, त्याला वेगळा पत्ता द्यावा आणि स्विचमधून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात घालावी. तो बिनतक्रार अॅक्सेस पॉइंट, म्हणजे केवळ वाय-फाय पसरवणारा डबा, होतो.

आपल्या जुन्या घरांत खरा अडथळा चिऱ्याच्या भिंतींचा आहे. हातभर जाडीच्या जांभ्या दगडातून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ आरपार जात नाहीत. वसरीवर भरपूर वेग आणि राजांगणाच्या (घराच्या मधल्या अंगणाच्या) पलीकडच्या खोलीत शून्य, असा प्रकार होतो. अधिक शक्तीचा राउटर आणून यावर उपाय होत नाही. कौलांखालच्या वाशांच्या कडेने केबल ओढून घराच्या प्रत्येक अंगाला एक अॅक्सेस पॉइंट बसवणे, हाच उपाय आहे.

दोन कंपन्यांच्या जोडण्या एकत्र वापरता येतात का?

येतात, आणि गोव्यात जुना संगणक राउटर करण्याचे सर्वांत पटणारे कारण मला हेच वाटते. पावसाळ्यात माडाची झावळी किंवा एखाद्या झाडाची आख्खी फांदी वायरवर पडते, एरवी रस्ता खणणारे यंत्र फायबर तोडते, आणि घरून काम करणाऱ्याचा दिवस जातो. संगणकाला तिसरा पोर्ट द्यावा, त्यात दुसऱ्या कंपनीची जोडणी किंवा सिमवर चालणारा ४जी राउटर लावावा आणि पहिली जोडणी प्रथम पसंतीची, दुसरी राखीव अशी नोंद करावी. ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्समध्ये याला गेटवे गट म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटीत एमवॅन३ नावाचे पॅकेज घालावे लागते.

येथे लोक फसतात ते तपासणीच्या पत्त्यात. बाहेर कोठेतरी फायबर तुटले, तरी घरातील डबा चालूच असतो आणि राउटर व डबा यांच्यातील केबलचा दिवाही जळतच असतो, त्यामुळे राउटरला जोडणी जिवंत वाटते. म्हणून दर सेकंदाला दूरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का, हे पाहायला सांगावे लागते. एका जोडणीसाठी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि दुसरीसाठी गूगलचा ८.८.८.८ असे दोन निराळे पत्ते द्यावेत. बदल होताना बाह्य पत्ता बदलतो, म्हणून चालू असलेला व्हिडिओ कॉल एकदा तुटतो आणि पुन्हा लावावा लागतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे.

दोन जोडण्या म्हणजे दोन्हींचा वेग एकत्र होऊन एकच फाईल दुप्पट वेगाने उतरेल, असे मात्र नाही. एक फाईल एकाच वाटेने येते.

पावसाळ्यात आणि विजांत हे यंत्र टिकते का?

काळजी घेतली तर टिकते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. ती येते घरच्या वायरिंगमधून आणि उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून. मूळ घरापासून आउटहाउसपर्यंत अंगणातून ओढलेल्या केबलमुळे माझे एक नेटवर्क कार्ड आणि आठ पोर्टांचा स्विच एकाच गडगडाटात गेला. त्यानंतर त्या अंतरात फायबरचा तुकडा आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवले. घरात अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे; तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे मागे अर्थिंग आहेच, असे नसते.

दमट हवेचा बंद यंत्राला जास्त त्रास होतो. सतत चालणारे यंत्र कोमट राहते, त्यामुळे त्यात ओल धरत नाही. त्या उबेलाच मुंग्या आणि पाली मात्र येतात. पॉवर सप्लायच्या पंख्यातून आत शिरलेली पाल स्वतःही मरते आणि सप्लायही घेऊन जाते. पंखा नसलेला थिन क्लायंट घेण्याचे हे एक फारसे न सांगितले जाणारे कारण आहे. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने पोर्टांच्या पत्र्याला गंज चढतो. वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी बूच लावावे.

यूपीएसविषयी थोडा हिशेब सांगतो. साध्या घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. हाती त्यातले निम्मेच धरावेत. ६० वॅटचा डेस्कटॉप त्यावर चाळीस मिनिटे काढील. छोटा संगणक आणि फायबरचा डबा मिळून २५ वॅट असतील, तर दीड तासाच्या आसपास निघेल.

वीज जाऊन आली की संगणक बंदच राहतो. काय करावे?

बायॉसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करावी. कीबोर्ड नसल्याची तक्रार करून यंत्र अडत असेल, तर तीही तेथेच बंद करता येते.

हे करूनही माझे यंत्र एका जुलैच्या रात्री अडले होते. वीज रात्री गेली आणि पहाटे आली, संगणक मात्र उठला नव्हता. हाताने सुरू केला तर जोडणी लागली, पण एकही संकेतस्थळ धड उघडेना. एक तास केबली हलवल्यावर लक्षात आले की यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले आहे. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे बायॉसमधील सर्व सोयी मूळ पदावर गेल्या, आणि तारीख चुकल्याने संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या राउटरच्या डीएनएस सेवेला, उत्तर खरे असल्याची खूण म्हणून येणारी प्रत्येक सही अजून लागूच न झालेली वाटू लागली. जुना संगणक घरी आणल्या दिवशीच ही बॅटरी बदलावी.

चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरले की नेट अडखळते. याने फरक पडेल का?

पडेल. मुंबई-पुण्याची माणसे येतात, फोन पंचवीसच्या पुढे जातात आणि माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीचे) व आरतीचे व्हिडिओ एकाच वेळी वर चढू लागतात. वर जाणारी वाट भरली की डब्यात रांग साचते आणि कोणाच्या तरी कॉलचे छोटे तुकडे त्या रांगेत मागे अडकतात. ओपीएनसेन्समधील एफक्यू-कोडेल किंवा ओपनडब्ल्यूआरटीतील केक ही रांगेची शिस्त लावावी आणि मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न साचता आपल्या राउटरमध्ये, आपल्या नियमाने लागते. थोडा वेग सोडून हा निवांतपणा मिळतो, आणि तो सोडण्याजोगा आहे.

होमस्टेच्या पाहुण्यांसाठी वेगळे नेट ठेवता येते का?

वेगळा व्हीलॅन करून येते, आणि ठेवावेच. पाहुण्यांच्या नेटवरून घरचे कॅमेरे, प्रिंटर आणि राउटरचे पान दिसणार नाही, असा नियम घालावा.

परगावाहून घरच्या नेटवर्कात कसे यावे?

वायरगार्ड हे व्हीपीएन वापरावे. ते २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि त्याची सांकेतिक पद्धत जुन्या प्रोसेसरलाही झेपते. मात्र आपल्या जोडणीला १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा बाह्य पत्ता मिळाला असेल, तर तो कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता आहे आणि त्यावर बाहेरून थेट येता येत नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा किंवा आयपीव्ही६ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, वाट धरावी. कॅमेऱ्यांसाठी राउटरमध्ये पोर्ट उघडे टाकण्याचा, म्हणजे बाहेरच्या कोणालाही कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट देण्याचा, सल्ला देणाऱ्या तंत्रज्ञाचे ऐकू नये.

मी घरी नसताना बिघडले, तर घरच्यांनी काय करावे?

या यंत्राची सर्वांत मोठी उणीव हीच आहे की ते एकाच माणसाला कळते. आमच्याकडे भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे: आधी फायबरचा डबा बंद करून चालू करा, दोन मिनिटे थांबा, मग संगणक, शेवटी स्विच. तरीही नेट आले नाही, तर कपाटातील जुना राउटर काढायचा. त्यात पीपीपीओईचे नाव, पासवर्ड आणि वाय-फायचे तेच नाव आधीच भरून ठेवले आहे. डब्यातून संगणकाकडे जाणाऱ्या केबलला लाल चिकटपट्टी लावली आहे, ती केबल काढून जुन्या राउटरच्या लाल पट्टीच्या भोकात घालायची. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, ही अदलाबदल आईकडून एकदा करून घेतो. गेल्या वेळी तिला चार मिनिटे लागली, त्यातील दोन कपाटाची किल्ली शोधण्यात गेली.